जपानमध्ये शब्द अडतात तेव्हा

क्योतोमधील एका लहानशा नूडल्सच्या दुकानात एक भारतीय कुटुंब शिरते. बाहेर पाऊस आहे, मुले भुकेली आहेत आणि घरचे सर्वजण शाकाहारी आहेत. "नो मीट? नो फिश?" वडील खात्री करून घेतात. काउंटरमागचे वयस्क गृहस्थ हसून मान लववतात आणि म्हणतात, "यस, यस." थोड्याच वेळात वाफाळते वाडगे समोर येतात. जाड पांढऱ्या शेवया, वर कांद्याची पात आणि तळलेल्या तोफूचा तुकडा. मांसही दिसत नाही आणि मासळीही. सर्वजण पोटभर जेवतात. रात्री मुक्कामावर परतल्यावर तिथला एखादा परिचित सांगतो, की त्या रश्श्याची सारी चव वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसातून आलेली असते. झाले! बरोबर आलेल्या आजी त्या क्षणापासून परतीच्या विमानापर्यंत फळांवर आणि घरून नेलेल्या दशम्यांवर दिवस काढतात.

थोड्याफार फरकाने अशी हकीकत जपानला जाऊन आलेल्या अनेक शाकाहारी घरांत ऐकायला मिळते. विशेष म्हणजे त्यात फसवणूक कोणीच केलेली नसते. दुकानदाराने जे विचारले गेले त्याचे प्रामाणिक उत्तर दिले. त्याच्या दृष्टीने वाडग्यात मासा नव्हताच. होती ती 'दाशी', म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा. आपल्याकडे आमटीत हिंग-हळद आहे का, हे जसे कोणी वेगळे सांगत नाही, तसेच दाशीचे. प्रश्नही खरा होता आणि उत्तरही खरे होते. वाट चुकली ती दोहोंच्या मध्ये.

२०२४ साली जपानला भेट देणाऱ्या परदेशी पाहुण्यांची संख्या ३ कोटी ६८ लाखांच्या वर गेली. त्यांत भारतीय सव्वादोन लाखांहून अधिक होते. हा देश स्वच्छ, सुरक्षित आणि वक्तशीर आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण 'तिथे भाषेचे कसे होणार?' हा प्रश्न तिकीट काढण्याआधी घराघरांत विचारला जातो. त्याचे उत्तर घाबरवणारे मुळीच नाही. मात्र पुष्कळांना वाटते त्याहून ते निराळे आहे.

सहा वर्षांचे इंग्रजी आणि एक संकोच

जपानी मुले माध्यमिक शाळेत सहा वर्षे इंग्रजी शिकतात. २०२० पासून तर पाचवी-सहावीतही तो रीतसर विषय झाला आहे. तरीही रस्त्यात थांबवून इंग्रजीत काही विचारले, तर समोरचा माणूस गोंधळतो. याचे एक कारण शिक्षणपद्धतीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथले इंग्रजी प्रवेशपरीक्षेसाठी शिकले गेले. त्यात वाचन आणि व्याकरण पक्के होते, पण बोलण्याचा सराव होत नाही. दुसरे कारण स्वभावात आहे. चारचौघांत चुकीचे बोलण्यापेक्षा न बोललेले बरे, असे अनेकांना वाटते. आपल्याकडे एखादा रिक्षावाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत परदेशी पाहुण्याला सारे शहर दाखवून आणतो. तो बेधडकपणा जपानमध्ये क्वचित आढळतो.

यातून एक साधी युक्ती निघते. जे कानांना कळत नाही, ते डोळ्यांना कळू शकते. तोंडाने विचारलेला प्रश्न समजला नाही, तरी तोच प्रश्न सुट्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवला, तर बहुतेक वेळा काम होते. वाक्यही छोटे हवे. 'आपण कृपया मला सांगू शकाल का, की' अशी लांबण लावण्यापेक्षा 'क्योतो स्टेशन?' एवढे दोनच शब्द आणि चेहऱ्यावरचे हसू अधिक उपयोगी पडते.

'हाइ' म्हणजे काय?

जपानी भाषेत 'हाइ' म्हणजे 'हो'. पण समोरचा माणूस बोलत असताना मध्ये मध्ये जो 'हाइ, हाइ' येतो, त्याचा अर्थ 'पटले' असा नसतो. 'ऐकतो आहे, पुढे बोला' एवढाच तो असतो. मराठी माणूस कथा ऐकताना 'हूं, हूं' करतो, तसाच हा हुंकार. अनेक परदेशी व्यापाऱ्यांना बैठकीतून उठताना सौदा झाला असे वाटले आणि प्रत्यक्षात काहीच ठरले नव्हते, ते या हुंकारामुळेच.

नकारार्थी प्रश्नाची गंमत आणखी वेगळी. 'मासे नाहीत ना?' असे विचारले, तर जपानी माणूस म्हणतो 'हाइ', म्हणजे 'बरोबर आहे, नाहीत'. मराठीतही अगदी असेच चालते. 'तू येणार नाहीस ना?' याला आपण सहज म्हणतो, 'हो, नाही येणार.' पण इंग्रजीची रीत उलटी आहे. त्यामुळे क्योतोच्या दुकानात मराठी माणूस आणि जपानी माणूस इंग्रजीत बोलू लागले, की दोघांच्याही मातृभाषांत जी अडचण मुळात नाही, ती उसन्या तिसऱ्या भाषेमुळे उभी राहते. म्हणून जाणकार सांगतात, की प्रश्न नेहमी सरळ विचारावा. 'मासे नाहीत ना?' ऐवजी 'यात मासे आहेत का?' असे विचारले, की 'यस'चा एकच अर्थ उरतो.

आणि नकार? तोंडावर 'नाही' म्हणणे जपानी माणसाला जड जाते. तो श्वास आत ओढून म्हणतो, 'चोत्तो...' शब्दाचा अर्थ 'थोडेसे', पण वाक्य तिथेच सोडून दिलेले असते. 'मुझुकाशीइ', म्हणजे 'अवघड आहे', हाही नकारच. जो मराठी माणूस लग्नाच्या स्थळाला 'बघू, कळवतो' असे उत्तर देऊन आला आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागू नये.

डोळ्यांनी वाचायचा देश

जपानी लेखनात तीन लिप्या एकाच वाक्यात नांदतात. 'हिरागाना' आणि 'काताकाना' या दोन अक्षरमाला प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या. तिसरी 'कांजी' म्हणजे चिनी चित्राक्षरे. नित्य वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत त्यांची संख्या २,१३६ आहे. काही दिवसांच्या पाहुण्याने एवढे शिकावे असे कोणी म्हणणार नाही. पण या देशाने ज्यांना अक्षर वाचता येत नाही, अशांसाठीही पुष्कळ सोय करून ठेवली आहे आणि त्यामागे मोठा इतिहास आहे.

१९६४ साली तोक्योत ऑलिंपिक भरले, तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. शंभराच्या आसपास देशांतून येणाऱ्या पाहुण्यांना खेळाचे मैदान, दूरध्वनी, स्वच्छतागृह कसे दाखवायचे? मासारु कात्सुमी यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण चित्रकारांच्या एका गटाने साधी, शब्दाविना कळणारी चिन्हे तयार केली. आज जगभर स्वच्छतागृहांच्या दारांवर स्त्री-पुरुषांच्या ज्या आकृत्या दिसतात, त्यांच्या प्रसाराला त्या कामाने मोठी चालना दिली.

पळत्या हिरव्या माणसाची कथा अधिक गंभीर आहे. १९७२ साली ओसाकात आणि १९७३ साली कुमामोतोत बहुमजली दुकानांच्या इमारतींना आगी लागल्या आणि प्रत्येक ठिकाणी शंभराहून अधिक माणसे दगावली. धुरात पटकन ओळखता येईल, असे बाहेर पडण्याच्या वाटेचे चिन्ह हवे, ही निकड भासली. त्यातून युकिओ ओता यांची दारातून धावत निघालेली आकृती पुढे आली. १९८७ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकात स्थान मिळाले. आज मुंबई-पुण्याच्या चित्रपटगृहांत दारावर जो हिरवा माणूस पळताना दिसतो, तो मूळचा जपानचा.

उपाहारगृहांच्या काचेमागे मांडलेले हुबेहूब नकली पदार्थ हीसुद्धा मोठी सोय आहे. मेणाचे असे पदार्थ बनवण्याचा व्यवसाय ताकिझो इवासाकी यांनी १९३२ साली ओसाकात सुरू केला. हल्ली ते प्लास्टिकचे असतात. काय मागवावे हे सांगता येत नसेल, तर वाढणाऱ्याला बाहेर नेऊन बोट दाखवावे. कोणी हसत नाही. तोक्योच्या भुयारी रेल्वेने २००४ पासून स्थानकांना अक्षर आणि अंक दिले आहेत. गिंझा मार्गावर शिबुया म्हणजे 'जी-०१' आणि आसाकुसा म्हणजे 'जी-१९'. नाव लक्षात राहिले नाही तरी अंक राहतो आणि अंक वाढताहेत की कमी होताहेत, यावरून आपण उलट्या गाडीत तर बसलो नाही ना, तेही कळते.

पत्ता शोधणे मात्र कठीण. बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. पत्ता असतो तो मोहल्ल्याचा, त्यातील विभागाचा आणि घराचा. घरांचे क्रमांकही बऱ्याच जुन्या वस्त्यांत बांधकामाच्या क्रमाने पडलेले, त्यामुळे तीनशेजारी नऊ निघते. अशा वेळी कोपऱ्यावरची 'कोबान', म्हणजे छोटी पोलीस चौकी, शोधावी. वाट सांगणे हे तिथल्या पोलिसांचे रोजचे काम आहे. भिंतीवर नकाशा असतो, पत्ता लिहिलेला कागद पुढे केला की पुरे.

मराठी माणसाची अर्धी वाट

भाषा परकी असली, तरी मराठी माणसाला ती इंग्रजांइतकी परकी नाही, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जपानी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागून लागतात. 'ताबेते मिरु' याचे शब्दश: भाषांतर 'खाऊन बघणे'. 'मोत्ते कुरु' म्हणजे 'घेऊन येणे' आणि 'मोत्ते इकु' म्हणजे 'घेऊन जाणे'. वाक्याच्या शेवटी ते 'ने' लावतात आणि आपण 'ना' लावतो. 'छान आहे ना!' हा सूर दोन्हीकडे सारखाच.

जपानी वर्णमालेची मांडणीही ओळखीची वाटते. 'आ, इ, उ, ए, ओ' आणि मग 'का, सा, ता, ना'. हा क्रम जपानी भिक्षूंनी बौद्ध मंत्रांसाठी संस्कृत वर्णांचा जो अभ्यास केला, त्यातून आला. 'ऱ्योकान' म्हणजे पारंपरिक अतिथिगृह. हा 'ऱ्यो' उच्चारताना इंग्रजांची तारांबळ उडते. दऱ्याखोऱ्यांत वाढलेल्या मराठीला तो घरचाच आहे. इतकेच काय, पोर्तुगीज दर्यावर्दींनी आपल्याला दिलेला 'पाव' आणि जपान्यांना दिलेला 'पान' हे एकाच शब्दाचे दोन भाऊ. पुण्यात गेली अनेक दशके जपानी भाषेचे वर्ग भरतात, त्यामागे उद्योगधंद्यांची गरज आहेच, पण ही जवळीकही शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडते.

ज्यांना महिनाभराची सवड आहे, त्यांनी निदान काताकाना शिकावी. ही लिपी मुख्यत: परकीय शब्दांसाठी वापरतात. म्हणून 'कोही', 'होतेरु', 'ताकुशी' वाचता आले, की कॉफी, हॉटेल आणि टॅक्सी आपोआप ओळखू येतात. फसवे शब्दही आहेत. 'मानशोन' म्हणजे हवेली नव्हे, साधा फ्लॅट. 'बाइकिंगु' म्हणजे हवे ते आपल्या हाताने वाढून घेण्याचे जेवण. पण ही फसगत गमतीची, जिवावर बेतणारी नव्हे.

जिवावर बेतते तेव्हा

जिवावर बेतण्याची वेळही या देशाने पाहिली आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर भूकंपाने हादरले. ६,४०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. कोबे हे जुने बंदर. कोरियन, चिनी, व्हिएतनामी, तसेच काही पिढ्यांपासून स्थायिक झालेली भारतीय व्यापारी कुटुंबेही तिथे होती. भूकंपानंतर पाणी कुठे मिळेल, कोणती शाळा निवाऱ्यासाठी उघडली आहे, या सूचना जपानीत येत होत्या, तीही सरकारी जपानीत. रोजच्या व्यवहारापुरती भाषा येणाऱ्या परदेशी रहिवाशांनाही त्या कळल्या नाहीत. इंग्रजी भाषांतराने सर्वांचे भागण्यासारखे नव्हते, कारण त्यांतील अनेकांना इंग्रजीही येत नव्हते.

या अनुभवानंतर हिरोसाकी विद्यापीठातील भाषाभ्यासकांनी एक निराळा विचार मांडला. प्रत्येक भाषेत भाषांतर करायला संकटात वेळ नसतो. मग जपानीच सोपी का करू नये? या सोप्या भाषेला 'यासाशीइ निहोंगो' म्हणतात. 'यासाशीइ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक 'सोपे' आणि दुसरा 'मायाळू'. तिचे नियम साधे आहेत. वाक्य छोटे, एका वाक्यात एकच गोष्ट आणि जड शब्दाऐवजी रोजचा शब्द. 'ताकादाइ'वर 'हिनान' करा असे न म्हणता 'ताकाइ तोकोरो'कडे 'निगेते', असे म्हणायचे. मराठीत सांगायचे तर 'नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे' याऐवजी 'उंचावर पळा'. हा फरक आपल्यालाही कळण्यासारखा आहे. २०२० साली जपान सरकारने अशा सोप्या भाषेची मार्गदर्शिकाच काढली. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा एनएचके दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोठ्या हिरागाना अक्षरांत सूचना झळकली, 'त्सुनामी! निगेते!' लहान मुलालाही वाचता यावी अशी.

म्हणून प्रवाशाने 'निगेते', म्हणजे 'पळा', हा एक शब्द तरी पाठ करून जावे. आजारपणात किंवा आगीत ११९ हा क्रमांक फिरवायचा, पोलिसांसाठी ११०. ११९ वर पहिला प्रश्न येतो तो 'काजी' की 'क्यूक्यू', म्हणजे आग की रुग्णवाहिका? उत्तर एका शब्दात देता येते. जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संघटनेची चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आहे, तिथे इंग्रजीतून बोलता येते. तिचा क्रमांक निघण्यापूर्वी वहीत लिहून घ्यावा. मोबाइलवरचे भाषांतर फार उपयोगी आहे, पण बॅटरी संपली की मुकी होणारी ती सोय आहे. हॉटेलचा जपानी अक्षरांतला पत्ता, औषधांची आणि ॲलर्जीची माहिती कागदावर खिशात असलेलीच बरी. बंद पाकिटातील खाद्यपदार्थांवर अंडी, दूध, गहू, बकव्हीट, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड यांचा उल्लेख बंधनकारक आहे. उपाहारगृहातील ताटाला मात्र हा नियम लागू नाही. तिथे विचारावेच लागते.

पुन्हा त्याच दुकानात

तर आता तेच कुटुंब, तोच पाऊस आणि तेच वयस्क गृहस्थ. या खेपेला आजींच्या हातात एक चिठ्ठी आहे. परिचिताने तीवर जपानी अक्षरांत लिहून दिले आहे, 'साकाना नो दाशी, हाइत्ते इमासु का?' म्हणजे 'यात माशाची दाशी आहे का?' गृहस्थ चिठ्ठी वाचतात. त्यांचा चेहरा क्षणभर विचारात पडतो. मग ते दोन्ही हात छातीसमोर आणून फुली करतात. जपानमध्ये याचा अर्थ सर्वांना कळतो. इथे तुमचे जमणार नाही.

एरवी 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धे सोडणारा माणूस इतके स्पष्ट उत्तर देतो, कारण प्रश्न स्पष्ट होता. आणि बहुधा तो तिथेच थांबत नाही. तो कागद घेतो, दोन रेघांचा नकाशा काढतो आणि जवळच्या देवळापाशी एक खूण करतो. तिथे 'शोजिन ऱ्योरी' मिळते, भिक्षूंचे शाकाहारी जेवण, ज्याचा रस्सा समुद्री वनस्पती आणि अळंब्यांचा असतो.

भाषेची भिंत पाडायला दोन हजार चित्राक्षरे लागत नाहीत. यजमानाने आपली भाषा एक पायरी सोपी करावी, पाहुण्याने आपला प्रश्न एक पायरी नेमका करावा. कोबेच्या ढिगाऱ्यातून एक देश जे शिकला, ते आजींच्या चिठ्ठीतही आहे. छोटे वाक्य, एकच गोष्ट आणि रोजचा शब्द.